महामार्गालगतच्या ओपन स्पेसवर झाडं कशी लावली तर धूळ खरंच अडेल?

निंबोणी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. आमची कॉलनी खानदेशातल्या एका शहराच्या कडेला आहे. पश्चिमेला महामार्गाचा सर्व्हिस रोड, त्याला लागून ले-आउटमधली ओपन स्पेस आणि तिच्यामागे आमची घरं. आजवर ती जागा पावसाळ्यात गाजर गवताने भरायची आणि दिवाळीनंतर नुसती भेगाळलेली काळी माती उरायची. आता तिथे बगीचा करायला निधी मंजूर झालाय. आराखडाही आलाय: मधोमध लॉन, भोवती पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक, रस्त्याच्या बाजूला जाळीचं कुंपण आणि कुंपणालगत रॉयल पामची एक रांग.

कॉलनीत बहुतेकांना तो आवडलाय. मला मात्र त्यात एक गोष्ट सतत खुपते. रस्ता आणि घरं यांच्यामध्ये आपल्याकडे एवढीच एक जागा आहे, आणि नेमक्या तिथे आपण अशी झाडं लावतोय ज्यांना खाली पानच नाही. पामच्या खोडांमधून धूळ सरळ आत येणार. माझ्या सासूबाईंना दमा आहे. नोव्हेंबर लागला की त्यांची खिडकी बंद होते ती पाऊस येईपर्यंत.

कुंपणाच्या जागी एक जुना करंज आहे. त्याच्या हाताला लागणाऱ्या फांद्यांवरची दोन पानं मी तोडून पाहिली, एक रस्त्याच्या अंगाचं, एक घरांच्या अंगाचं. दोन्ही ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसली. रस्त्याकडच्या पानाने फडक्यावर तपकिरी चिखल उमटवला, मधल्या शिरेच्या खाचेत तर काळपट तेलकट थर होता, तो नखाने खरवडावा लागला. घरांकडच्या पानाने जेमतेम मळकट डाग दिला. झाड एकच, मध्ये फक्त त्याचा पर्णसंभार. म्हणजे पान धूळ धरतं हे दिसतंच आहे. प्रश्न असा की हे काम पूर्ण जागेवर नीट करून घ्यायचं तर झाडं कोणती, किती उंच, किती दाट, कुठे? ज्यांनी यात काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहावं. आराखडा बदलायला अजून वाव आहे.


सातपुडापुत्र

ताई, विषय फार चांगला काढलात. माझं मत सरळ आहे, जागा दिसेल तिथे झाड. मियावाकी पद्धतीने, म्हणजे थोड्या जागेत स्थानिक झाडं अगदी जवळजवळ लावून, घनदाट करून टाका. त्यात पिंपळ जास्त घ्या, तो रात्रीही ऑक्सिजन देतो. जितकी झाडं जास्त तितकी हवा शुद्ध.


माती_आणि_हवा

सातपुडापुत्र, तुमची कळकळ पोचली, पण दोन गोष्टी स्पष्ट करायला हव्यात, कारण याच समजुतींवर शहरांचा निधी खर्च होतो.

पिंपळ रात्री ऑक्सिजन देत नाही. प्रकाशसंश्लेषणाला उजेड लागतो, रात्री सगळी झाडं श्वसनच करतात. आणि शहरात ऑक्सिजनची टंचाई नाहीच, हवेत तो २१ टक्के असतो. आपला शत्रू म्हणजे धूलिकण आणि वाहनांचे वायू.

दुसरं, संख्येचं. अमेरिकेत डेव्हिड नोवाक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ५५ शहरांचा हिशेब मांडला. तिथली झाडंझुडपं वर्षाला सुमारे ७ लाख ११ हजार टन प्रदूषक शोषतात असं निघालं. आकडा प्रचंड वाटतो, पण शहराच्या एकूण हवेत त्यामुळे होणारी सुधारणा बहुतेक ठिकाणी एक टक्क्याहूनही कमी होती. म्हणून शहरभर विखुरलेली झाडं हवा 'साफ' करतील ही अपेक्षा चुकीची आहे. झाडांचा मोठा फायदा मिळतो तो जागेवर: रस्ता आणि माणूस यांच्यामध्ये पडदा म्हणून, आणि उघडी माती झाकणारं आच्छादन म्हणून. निंबोणी ताईंची जागा नेमकी तशीच आहे, त्यामुळे इथे रचनेला फार महत्त्व आहे.

संदर्भासाठी: आपल्या देशात पीएम १० ची (१० मायक्रॉन किंवा त्याहून लहान धूलिकण) वार्षिक मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे आणि पीएम २.५ ची (त्याहून सूक्ष्म, २.५ मायक्रॉनपर्यंतचे कण) ४०. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेल्या मर्यादा अनुक्रमे १५ आणि ५ आहेत. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या प्रदूषित शहरांच्या यादीत जळगावही आहे. २०२४ पर्यंत धूलिकण २० ते ३० टक्के कमी करायचे असं आधी ठरलं होतं, नंतर ते उद्दिष्ट २०२५-२६ पर्यंत ४० टक्के असं वाढवलं गेलं. यादीत नाव आलं की पैसा येतो. तो पैसा पामच्या रांगेत जातो की कामाच्या झाडांत, हे नागरिकांनी विचारलंच पाहिजे.


केळीवाला_रावेर

मी शेतकरी माणूस, हवेच्या शास्त्रातलं मला कळत नाही. पण वारा अडवायचं म्हणाल तर ते आम्ही बापजाद्यांपासून करतोय, म्हणून लिहितो.

आमच्याकडे केळीच्या बागेला पश्चिमेकडून शेवरी (भराभर उंच वाढणारं झुडूप) किंवा गजराज गवत लावतात. मार्चपासून तापीच्या खोऱ्यात पश्चिमेचा वारा सुटतो, मे महिन्यात तो भट्टीसारखा होतो. आडोसा नसेल तर केळीची पानं फाटून चिंध्या होतात. आता यातली खुबी ऐका. आडोसा भिंतीसारखा गच्च असेल तर वारा त्याच्यावरून उडी मारतो आणि पलीकडे भोवरा करून खाली आपटतो. भिंतीलगतची झाडं वाचतात, चार ओळी सोडून पुढची आडवी होतात. शेवरीतून थोडा वारा गाळून आत येतो, म्हणून त्याचा जोर मरतो आणि पुढे लांबपर्यंत बाग शांत राहते. आडोशाच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत फरक जाणवतो.

आणि आडोशात फट ठेवायची नाही. एक रोप मेलं आणि जागा मोकळी राहिली की वारा तिथूनच दुप्पट जोराने घुसतो. ज्या बागेत अशी फट आहे तिथे समोरच्या पाच-सहा खोडांची पानं बघा, पट्ट्या झालेल्या दिसतील. ताईंच्या पामच्या रांगेत तर सगळी फटच आहे.


वास्तुबाग

केळीवाला_रावेर भाऊ, तुम्ही जे लिहिलंत तेच आमच्या अभ्यासक्रमात शिकवतात, फक्त तुमचं उदाहरण जास्त चांगलं आहे. मी लँडस्केपची कामं करते, नाशिक आणि खानदेश दोन्हीकडे.

तुमच्या वाऱ्याच्या पडद्यात आणि धुळीच्या पडद्यात थोडा फरक आहे, तो आधी सांगते. धूळ धरायची तर हवा पानांमधून हळूहळू जायला हवी, म्हणजे कण पानाला टेकतो. फार विरळ पडद्यातून हवा तशीच निघून जाते, फार गच्च पडद्याला वळसा घालून वरून जाते. म्हणून जाडी महत्त्वाची. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१६ मध्ये रस्त्यालगतच्या हरित पडद्यासाठी शिफारशी केल्या. त्यात उंची किमान ५ मीटर आणि जाडी १० मीटर किंवा जास्त असावी असं आहे. पानं जमिनीपासून शेंड्यापर्यंत सलग हवीत आणि पडदा जपायच्या जागेच्या दोन्ही टोकांपलीकडे लांब जायला हवा. १० मीटर ही चैन प्रत्येक ओपन स्पेसला परवडणारी नाही. पण ५-६ मीटरचा पट्टा दिला तरी एका रांगेपेक्षा कितीतरी बरा.

माझ्या हातात असतं तर मी असं केलं असतं:

रस्त्याच्या अंगाला अगदी कुंपणाला चिकटून अडुळसा आणि मेंदी, दाट, दुहेरी, एकाआड एक. अडुळशाला शेळी तोंड लावत नाही, हे आपल्याकडे फार मोलाचं आहे. त्यामागे मध्यम उंचीची झाडं: करंज, बकुळ, जांभूळ. त्यामागे कडुनिंब आणि चिंच. वड-पिंपळ एखादाच, कोपऱ्यात, जिथे त्याला पसरायला जागा आहे. आणि करंजाच्या खालच्या फांद्या छाटायच्या नाहीत. बगीचा 'मोकळा दिसावा' म्हणून माळी खोड डोक्याइतकं साफ करतात आणि पडदा नेमका नाकाच्या उंचीवर उघडा पडतो. ती सूचना देखभालीच्या करारात लिहून घ्या.

आता खानदेशाची खरी अडचण. पावसाळ्यात सगळं हिरवंगार असतं तेव्हा हवा पावसानेच धुतलेली असते. धूळ वाढते दिवाळीनंतर ते जूनपर्यंत, आणि आपली रस्त्याकडेची आवडती झाडं नेमकी याच काळात उघडी पडतात. शिरीष हिवाळ्यात झडतो, गुलमोहर आणि पळस फुलतात तेव्हा पान नसतं. सागाचं पान मोठं, खरखरीत, धूळ धरायला उत्तम, पण मार्च-एप्रिलमध्ये साग नुसत्या काड्या. म्हणून निवड करताना पहिला प्रश्न हा विचारायचा: फेब्रुवारी ते मे या झाडावर पान असतं का? कडुनिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं टाकतो पण लगेच नवी पालवी येते. करंजही थोडे दिवसच उघडा असतो. जांभूळ, बकुळ, आंबा बाराही महिने हिरवे.


आग्रारोड_धुळे

वास्तुबाग ताईंचं वाचून एक विचारतो. आमचं जुनं धुळं. १८१९ च्या सुमाराला कॅप्टन ब्रिग्जने नवी पेठ वसवली, तेव्हापासून सरळ समांतर गल्ल्या आहेत. आता दोन्ही बाजूंनी तीन-तीन मजले चढले, मधून दुचाकी आणि रिक्षांची रांग. आमच्या गल्लीत दोन्ही कडांना दाट सावलीची झाडं लावायची असं काही तरुण मंडळी म्हणताहेत. हाच पडद्याचा नियम इथे चालेल का? एक आजोबा तर म्हणाले, 'गल्लीमा आधीच हवा नही, वरतून झाकण कशाले?' मला त्यांचं पटलं.


वास्तुबाग

आजोबा बरोबर आहेत. अरुंद गल्लीत, दोन्हीकडे उंच इमारती असताना वर दाट छत झालं की खालचा धूर वर निघायची वाट बंद होते. ब्रिटनमधल्या सरे विद्यापीठातले प्रशांत कुमार आणि सहकारी यांनी २०१७ मध्ये यावरच्या अभ्यासांचा मोठा आढावा घेतला. त्यातही हेच आहे: मोकळ्या रस्त्यालगत दाट पट्टा फायद्याचा, पण इमारतींच्या घळईत उंच दाट झाडं हवा बिघडवू शकतात. तिथे कमरेच्या वर जाणारी कुंपणझुडपं चालतात.

पण म्हणून गल्लीत झाडच नको असं नाही हो. मे महिन्यात ४४ अंशांत सावली ही जीव वाचवणारी गोष्ट आहे. झाडं अंतराने लावा, छत्र्या एकमेकींना भिडू देऊ नका, विरळ पर्णसंभाराचं झाड निवडा. रुंद आग्रा रोडला वेगळा नियम, गल्लीला वेगळा.


श्वासमोकळा

छातीच्या आजारांचा डॉक्टर म्हणून लिहितो. निंबोणी ताई, सासूबाईंसाठी तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पडदा मोठ्या कणांना, म्हणजे रस्त्याच्या मातीच्या धुळीला, जास्त अडवतो. धुरातले अतिसूक्ष्म कण बऱ्याच अंशी त्यातून निसटतात. त्यामुळे झाडं लावली तरी औषध आणि पंप बंद करायचे नाहीत, आणि कचरा जाळणं तर त्याहून आधी थांबलं पाहिजे. हिवाळ्याच्या पहाटे जमिनीलगतची थंड हवा वर उठत नाही. त्या वेळी कॉलनीच्या कोपऱ्यात कोणी पालापाचोळा पेटवला तर सगळा धूर घरांच्या उंचीवरच तरंगत राहतो. शेकडो झाडं मिळूनही एका शेकोटीचा धूर त्या पहाटे गिळू शकत नाहीत.

दुसरं, परागकण. गाजर गवत हा दम्याच्या आणि त्वचेच्या रुग्णांचा मोठा वैरी आहे. ते फुलावर यायच्या आत, हातमोजे घालून, मुळासकट काढा. नुसतं हे केलं तरी सप्टेंबर-ऑक्टोबरचा त्रास कमी होईल. वावळाचे परागकणही त्रासदायक असतात, तो घरांजवळ नको.

तिसरं, घरात शोभेची रोपं ठेवून हवा शुद्ध होते हे डोक्यातून काढा. नासाचा १९८९ चा तो प्रयोग बंद पेटीत केला होता. खऱ्या घरात तसा परिणाम हवा तर प्रत्येक चौरस मीटरला दहापासून हजारपर्यंत कुंड्या लागतील, असं नंतरच्या संशोधनात दिसलं. रोपं आवडीसाठी ठेवा, सासूबाईंच्या दम्यासाठी नको.


निंबोणी

सगळ्यांचे मनापासून आभार. नर्सरीवाल्यांशी बोलले. ते म्हणतात, सहा महिन्यांत हिरवी भिंत हवी तर कोनोकार्पस घ्या, पाणी कमी, शेळी खात नाही, बाराही महिने हिरवा. ऐकायला तर आपल्या सगळ्या अटी पूर्ण होतात. घ्यावा का?


माती_आणि_हवा

नको, ताई. शेजारच्या गुजरातने सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. परागकणांचा त्रास आणि पाण्याच्या नळ्या, गटारं, केबल यांच्यात घुसणारी मुळं ही कारणं दिली गेली. तुमच्या घरी दम्याचा रुग्ण आहे आणि जागेखालून कॉलनीची पाइपलाइन जात असणार. निलगिरीही टाळा. तिच्या पानांतून जे वायू निघतात ते वाहनांच्या नायट्रोजन ऑक्साइडांशी कडक उन्हात मिळून ओझोन तयार व्हायला हातभार लावतात.

आणखी एक मुद्दा पाण्याचा. झाड नायट्रोजन डायऑक्साइडसारखे वायू शोषतं ते पर्णरंध्रांतून, म्हणजे पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून. एप्रिल-मेमध्ये जमिनीत ओल नसेल तर झाड स्वतःला वाचवायला रंध्रं मिटून घेतं. मग ते जिवंत दिसतं पण वायू शोषायचं काम जवळजवळ थांबतं. पानांवर धुळीचा थर साचला की रंध्रं आणखी बुजतात. म्हणून उन्हाळ्यात ठिबक चालू ठेवणं आणि अधूनमधून पानांवर पाण्याचा फवारा मारणं हे शोभेसाठी नाही, पडद्याचं काम चालू राहावं म्हणून आहे. प्रक्रिया केलेलं सांडपाणी मिळालं तर त्यावर ठिबक चालतं.


केळीवाला_रावेर

ठिबकासाठी एक सांगतो. लॅटरल, म्हणजे ठिबकाची बारीक नळी, खोडाला चिकटून टाकू नका, दरवर्षी थोडी थोडी बाहेर सरकवा म्हणजे मुळं पसरतात. सांडपाणी असेल तर फिल्टर लावा आणि ड्रीपर तपासत राहा, नाहीतर एका उन्हाळ्यात बुजतात. आणि आमच्या बागेत करतो तसं खाली पालापाचोळ्याचं आच्छादन करा. जाळण्यापेक्षा तेच पसरा. डॉक्टर साहेबांचाही प्रश्न सुटेल.


साइडपट्टी

रस्त्यांच्या कामावर आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. सगळे झाडांबद्दल बोलताहेत, मी जमिनीबद्दल बोलतो. ताईंनी एकदा संध्याकाळी सर्व्हिस रोडच्या कडेला उभं राहून बघावं. डांबर संपतं आणि कुंपण सुरू होतं, त्यामध्ये मुरूम-मातीची उघडी पट्टी असते. समोरून गाडी आली म्हणून एसटी दोन चाकं त्या पट्टीवर उतरवते, चाकाखाली मुरमाचं पीठ होतं. मागून ट्रक गेला की तेच पीठ त्याच्या झोताने वर उठतं, थोडं पुढे जाऊन परत डांबरावर बसतं, आणि पुढच्या गाडीने परत उठतं. एकच धूळ दिवसभर नाचत असते. तिचं मूळ ती पट्टी आहे. ती तशीच राहिली तर पडद्याची पानं महिन्याभरात मातीने लिंपली जातील.

उपाय अवघड नाही. पट्टीचा गाड्या उतरतात तो भाग पक्का करून घ्या, उरलेल्यावर हरळी लावा. हरळी उन्हाळ्यात वाळलेली दिसते पण मुळं माती सोडत नाहीत, पहिल्या पावसात परत हिरवी. आत लॉनऐवजीही हरळीच बरी, लॉनला आपल्याकडे उन्हाळ्यात पाणी पुरवणं कठीण. आणि बगिच्याची माती ट्रॅकच्या कडेपेक्षा चार बोटं खाली ठेवा. वर ठेवली तर पावसात ओघळून रस्त्यावर येते, वाळते, आणि तिचीच धूळ होते. पेव्हर टाकताना प्रत्येक खोडाभोवती किमान एक मीटर माती मोकळी सोडा, तिथेही आच्छादन हवं.


निंबोणी

काल कॉलनीची बैठक झाली. पाम रद्द करायला बरेच जण तयार झाले, पण दोन आक्षेप आले आणि दोन्ही मला रास्त वाटतात. एक, दाट झुडपांचा पट्टा केला तर साप-विंचू येतील. दोन, आणि हा बायकांनी मांडला: संध्याकाळी क्लासवरून मुली याच वाटेने येतात. आडोसा झाला की आत कोण उभं आहे ते रस्त्यावरून दिसणार नाही. हवा चांगली झाली आणि मुलींनी ती वाट सोडली तर काय उपयोग? यावर उत्तर नसेल तर मी स्वतः हा पट्टा मागणार नाही.


वास्तुबाग

ताई, हा प्रश्न प्रत्येक कामात यायला हवा आणि बहुतेक वेळा येत नाही. यावर रचनेतून उत्तर आहे.

पट्टा फक्त रस्त्याच्या बाजूला. घरांच्या बाजूला एकही झुडूप नको, तिथे फक्त उंच खोडाची सावलीची झाडं, म्हणजे प्रत्येक ओट्यावरून आणि बाल्कनीतून पूर्ण जागा दिसेल. चालायची वाट पट्ट्याला चिकटून नको, घरांच्या अंगाने न्या. वाट आणि पट्टा यांच्यामध्ये हरळीची मोकळी जागा ठेवा. दिवे झाडांच्या छत्र्यांच्या खाली येतील इतक्या उंचीवर, पट्ट्याच्या आतल्या कडेवर उजेड पडेल असे. बाकं घरांकडे पाठ करून नकोत. मुख्य म्हणजे पट्ट्यात शिरता येईल अशी पोकळीच ठेवायची नाही. अडुळसा-मेंदी आतून भरगच्च वाढवली तर माणूस आत उभा राहू शकत नाही.

सापांचं: कचरा, विटांचे ढीग आणि उंदीर असतील तिथे साप येतात. आज त्या उघड्या जागेवर गाजर गवत आणि राडारोडा आहे, धोका आज जास्त आहे. आच्छादनाचा थर पातळ ठेवा, वाटेच्या कडेला नको.


आग्रारोड_धुळे

खरं शे ताई. मुलींचा मुद्दा सगळ्यात आधी. आमच्या गल्लीतही हे मांडतो.


निंबोणी

वास्तुबाग ताईंच्या सूचनांप्रमाणे कच्चा नकाशा काढला आणि आक्षेप घेणाऱ्या दोघींनाच सोबत घेऊन जागेवर चुन्याने आखून पाहिला. वाट घरांच्या अंगाला घेतल्यावर त्यांचं समाधान झालं. पट्ट्याला साडेपाच मीटर मिळतात. जुना करंज तसाच राहतोय.

आता एकच अडतंय. सर्व्हिस रोडवरून आत यायला फाटक लागणारच, आणि फाटक म्हणजे केळीवाला भाऊंची फट. ते कुठे ठेवू?


केळीवाला_रावेर

पश्चिमेला सरळ समोर ठेवू नका. दक्षिणेच्या टोकाला न्या. तिथेही समोरासमोर उघडेल असं नको. बाहेरची रांग फाटकापाशी संपली की आतली रांग दोन-तीन पावलं पुढे नेऊन तिच्यावर चढवा, म्हणजे माणूस वळसा घेऊन आत येईल आणि वारा सरळ घुसणार नाही. वळशाच्या जागी झुडपं कमरेइतकीच ठेवा आणि वर दिवा लावा, मुलींना पलीकडचं दिसलं पाहिजे. खड्डे मे महिन्यातच खणून उन्हात तापू द्या, शेणखत भरून ठेवा आणि दोन चांगले पाऊस झाले की रोपं लावा. शेवरीचं बी हवं असेल तर सांगा. अडुळसा उंच होईपर्यंत वर्षभर पुढे शेवरीची ओळ ठेवता येईल, नंतर काढून टाका.


निंबोणी

बी हवंय, भाऊ. फाटक दक्षिणेला नेते. सुधारित नकाशा सोमवारी देणार आहे, त्यात छाटणीची अट आणि साइडपट्टीचं पक्कं काम दोन्ही लेखी मागतेय. मंजूर झाला की इथेच कळवते.